सकाळी ६:४० ची मेल : कोलंबिया गॉर्ज आणि माउंट हुडच्या हिवाळी हवामान-अंदाजाचा वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेत ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या कोलंबिया नदीच्या गॉर्जमधला, म्हणजे खोल दरीतला, वारा आणि जवळच्या माउंट हुड या डोंगरावरचा बर्फ यांचा एकत्रित अंदाज रोज मेलने पाठवणाऱ्या एका स्थानिक सेवेची वर्गणी आम्ही गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर भरली होती. आता नूतनीकरणाची सूचना येऊन पडली आहे. पैसे भरण्याआधीच लिहून टाकलेले बरे, कारण एकदा भरले की माणूस आपल्या खर्चाचे समर्थन करू लागतो. मी स्कीइंग करते, नवरा विंडसर्फिंग करतो, आणि पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनमधल्या आमच्या घरात या एकाच मेलची वाट दोघे दोन वेगळ्या कारणांसाठी पाहतात. अशा सेवेत काय काय मिळते हे इथल्या वाऱ्यात उतरणाऱ्यांना आणि डोंगरावर जाणाऱ्यांना ठाऊक असतेच, त्यामुळे मी थेट तक्रारीकडे येते. ही मेल सकाळी सहा चाळीसला येते.

यात तक्रार करण्यासारखे काय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ताज्या बर्फाच्या शनिवारी माउंट हुड मेडोज या स्की-केंद्राच्या वाहनतळावर जागा शोधून पाहावी. बीव्हर्टनहून तिथपर्यंत साधारण पाऊणशे मैल अंतर आहे, रस्ता कोरडा असला तरी पावणेदोन तास लागतात, आणि रस्त्यावर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या चढवण्याचा वेळ वेगळा धरावा लागतो. जागा हवी असेल तर साडेपाचला घर सोडावे लागते. म्हणजे मेल येते तेव्हा आम्ही सँडी गाव मागे टाकून २६ क्रमांकाच्या महामार्गाने झाडीत शिरलेले असतो, फोनला धड नेटवर्क नसते, आणि वर बर्फ आहे की पाऊस हे कळून घेण्याचा उपयोग संपलेला असतो.

मी व्यवसायाने अभियंता असल्यामुळे नुसती कुरकुर करून थांबले नाही. अंदाज लिहिणाऱ्यांच्या हातात कोणती माहिती कधी येते हे तपासले. पुढच्या हवेचे संगणकावर गणित मांडणारे अमेरिकेचे जागतिक हवामान-मॉडेल, म्हणजे जीएफएस, दिवसातून चार वेळा चालते. इथल्या हिवाळी वेळेप्रमाणे रात्री दहाच्या आवृत्तीचे निकाल पहाटे तीनपर्यंत पूर्ण हाती येतात आणि पहाटे चारच्या आवृत्तीचे निकाल साडेसातनंतर येऊ लागतात. त्यामुळे सहा चाळीसला लिहिणाऱ्याच्या हाती या मॉडेलचे जे चित्र असते तेच पहाटे तीनलाही होते. पुढच्या चित्रासाठी थांबायचे तर आठ वाजतील, आणि थांबायचे नसेल तर साडेचारलाच पाठवता येईल. मधली ही वेळ कोणाच्या सोयीची आहे हे मला कळेना. नवऱ्याचे उत्तर तयार होते. ‘‘सहा चाळीसला काय झालंय? वारा नऊच्या आत सुरूच होत नाही आणि मी आठच्या आत उठत नाही.’’

त्यांना लिहून विचारल्यावर चौथ्या दिवशी सविस्तर उत्तर आले, हे मान्य केले पाहिजे. सेलमहून पहाटे सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्याची मोजमापे आणि पहाटे पाचच्या प्रत्यक्ष नोंदी पाहिल्याशिवाय आपण अंदाज पाठवत नाही, असे त्यांचे म्हणणे. कारण मॉडेल काय म्हणते यापेक्षा वरच्या थरांतली हवा या क्षणी किती उबदार आहे हे अधिक महत्त्वाचे. मुद्दा योग्य आहे. परंतु फुग्याची मोजमापे पाचच्या सुमारास मिळतात. मग उरलेला दीड तास कशासाठी, या माझ्या दुसऱ्या प्रश्नाला ‘‘तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे’’ एवढेच छापील उत्तर मिळाले, आणि तिथून पुढे मी ती मेल थोड्या आकसानेच उघडू लागले.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत माझे मत असे बनले होते की ही वर्गणी वाया गेली. राष्ट्रीय हवामान सेवेच्या पोर्टलंड कार्यालयाचे तपशीलवार टिपण फुकट मिळते, डोंगरावरच्या वाऱ्याचे आणि तापमानाचे आकडे नॉर्थवेस्ट अव्हलांच सेंटर दाखवते, आणि माउंट हुडच्या स्नोटेल या स्वयंचलित बर्फमापन केंद्रावर ५,३७० फूट उंचीवर किती बर्फ साचला हे कोणालाही पाहता येते. फुकटात मिळणारी माहिती एकाने वाचून दुसऱ्याला सांगावी आणि त्याचे पैसे घ्यावेत, हे मला पटत नव्हते. हे मत जानेवारीत बदलले.

ते कसे बदलले हे सांगायचे तर पूर्वेच्या वाऱ्याबद्दल थोडे सांगावे लागेल. कॅस्केड पर्वतरांग ओलांडणारी, समुद्रसपाटीच्या जवळून जाणारी वाट एकच आहे आणि ती म्हणजे हा गॉर्ज. उन्हाळ्यात पूर्वेकडचा कोरडा प्रदेश तापतो आणि समुद्राकडची गार हवा याच वाटेने आत ओढली जाते. हूड रिव्हर गाव विंडसर्फिंगसाठी नावाजले ते या पश्चिमेच्या वाऱ्यामुळे. हिवाळ्यात सगळे उलटते. पूर्वेच्या खोऱ्यात थंड, जड हवा साचून राहते, समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र आले की ती पश्चिमेकडे सुटते, आणि गॉर्जच्या पश्चिम टोकाला, ट्राउटडेल, कॉर्बेट व क्राउन पॉइंटच्या बाजूला बाहेर पडताना सर्वांत जोरात वाहते. क्राउन पॉइंटवर नदीपासून ७३३ फूट उंचीवर उभ्या असलेल्या व्हिस्टा हाउसपाशी अशा दिवशी गाडीचे दार उघडणेही अवघड जाते. याच थंड थरावर प्रशांत महासागराकडून उबदार, ओलसर हवा चढली की वरचा बर्फ वाटेत वितळून त्याचा पाऊस होतो आणि तो पाऊस खालच्या गोठलेल्या रस्त्यावर पडताक्षणी काचेसारखा गोठतो. जानेवारी २०२४ मध्ये पोर्टलंड परिसरात आधी पूर्वेचा वारा आणि मग हा गोठणारा पाऊस यांनी केलेली दैना इथल्या मराठी घरांतही कोणी विसरलेले नाही. कित्येकांनी वीज नसलेल्या घरात जॅकेट घालून दिवस काढले.

तर गेल्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही ८४ क्रमांकाच्या महामार्गाने हूड रिव्हरला मुक्कामाला जाऊन सकाळी ३५ क्रमांकाच्या रस्त्याने मेडोजला चढायचे ठरवले होते. खोलीचे आरक्षण संध्याकाळी सहाच्या आत रद्द केले तरच पैसे परत मिळणार होते. फोनमधले ॲप हूड रिव्हरला ३६ अंश फॅरेनहाइट आणि साधा पाऊस दाखवत होते. या मेलमध्ये मात्र स्पष्ट लिहिले होते की मॉडेले गॉर्जमधली थंड हवा नेहमीप्रमाणे फार लवकर हुसकावून लावत आहेत, पश्चिमेचे पोर्टलंड आणि पूर्वेचे द डॅल्स यांच्या हवेच्या दाबातला फरक अजून कमी झालेला नाही, आणि तो कमी होईपर्यंत ट्राउटडेलपासून हूड रिव्हरपर्यंत गोठणारा पाऊस राहील. आम्ही चार वाजता आरक्षण रद्द केले. त्या रात्री गॉर्जमधला महामार्ग बर्फामुळे बंद झाला. खोलीचे वाचलेले पैसे वर्षाच्या वर्गणीहून जास्त होते, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने सेवेने आपला खर्च तिथेच भरून काढला.

ॲपला हे का कळत नाही याचे कारण साधे आहे. मॉडेल हवेचे गणित जाळीच्या एकेका चौकटीसाठी करते; जीएफएसची जाळी साधारण १३ किलोमीटरची असते, युरोपीय मॉडेलची ९ किलोमीटरची, आणि गॉर्ज मात्र कित्येक ठिकाणी जेमतेम काही किलोमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती या मॉडेलांना दिसतच नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठाचे १.३३ किलोमीटर जाळीचे मॉडेल बरेच बरोबर येते, परंतु तेही कोणत्या दिवशी चुकते हे वर्षानुवर्षे इथे बसून पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असते. मी पैसे त्या ठाऊक असण्याचे देते आहे, हे मला तेव्हा पटले.

डोंगराच्या अंदाजातही हाच गुण दिसतो. कोणतेही ॲप ‘बारा इंच बर्फ’ सांगते. इथे तो बर्फ कोणत्या क्रमाने पडेल हे सांगितलेले असते. फेब्रुवारीतल्या एका मेलचा आशय असा होता: मध्यरात्रीपर्यंत बर्फाची पातळी (जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची) ६,००० फुटांवर राहील, म्हणजे मेडोजच्या पायथ्याशी ओला बर्फ किंवा पाऊस, पहाटे चारनंतर पातळी ३,५०० पर्यंत उतरेल, आधीचा ओला थर जुन्या कडक पृष्ठभागाला चिकटून बसेल आणि त्यावर कोरडा बर्फ पडेल, म्हणून उशिरा जाणाऱ्याचे नुकसान नाही. नेमके तसेच झाले. याच्या उलट क्रमाने, म्हणजे आधी कोरडा आणि वर ओला असा पडलेला बर्फ आकड्यांत तितकाच दिसला तरी त्यात स्की वळवताना गुडघ्यांचे हाल होतात. स्कीइंगसाठी उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचे आधी विकत घेतलेले तिकीट स्वस्त पडते पण परत करता येत नाही, आणि दारातले तिकीट महाग असते; त्यामुळे बुधवारी दिलेला शनिवारचा भरवशाचा अंदाज म्हणजे आमच्यासाठी रोख बचत आहे. ज्या बुधवारी ‘‘शनिवारबद्दल आज काही सांगणे म्हणजे अंदाजपंचे’’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले असते त्या आठवड्यात आम्ही तिकीट काढत नाही, एवढा साधा नियम आम्ही केला आहे.

एक उणीव मात्र आहे. माथ्यावरचा वारा ताशी किती मैल राहील हे दिलेले असते, पण त्या वाऱ्यात वरच्या लिफ्ट चालू राहतील की नाही याबद्दल अवाक्षर नसते. नैर्ऋत्येचा जोराचा वारा आणि त्यात दांड्यांवर साचणारे बर्फाचे थर असले की वरच्या लिफ्ट दुपारपर्यंत उघडत नाहीत, आणि मग सगळी गर्दी खालच्या रांगांत उभी राहते.

वाऱ्याच्या भागाबद्दल नवऱ्याचे मत माझ्याहून कितीतरी चांगले आहे. पूर्वेच्या वाऱ्यासाठी रूस्टर रॉक गाठायचे की पलीकडच्या काठावरचे स्टीव्हन्सन, हा त्याचा रोजचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते. त्याला विशेष आवडले ते हे की हिवाळ्यासाठी शिडाचा आकार वेगळा सुचवलेला असतो. गोठणबिंदूजवळची हवा २० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के जड असते, आणि वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० मैलांचा वारा २८ वर गेला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. उन्हाळ्याच्या सवयीने मोठे शीड लावणाऱ्याला जानेवारीत हात भरून येतात. मी एकदा रूस्टर रॉकच्या काठावर गाडीत बसून पाहत होते. पाण्यातून परत आल्यावर डोलकाठीचा खालचा जोड गोठून घट्ट बसला होता, आणि नवरा थर्मासमधले कोमट पाणी त्यावर ओतून तो फिरवत होता. ते पाणी माझ्या चहासाठी होते. झोतांचा अंदाज मात्र कमी सांगण्याकडे कल असतो, असे त्याचेही निरीक्षण आहे. अंदाजात ३५ असेल तर तो ४० धरूनच सामान काढतो.

या सगळ्यात मला सर्वांत चीड आली ती वर्गणीच्या नियमाची. मेल एकाच पत्त्यावर येते, ती पुढे पाठवू नये असे खाली लिहिलेले असते, आणि एकाच घरातल्या दोघांसाठी सवलत नाही. एकाच स्वयंपाकघरात एकाच टेबलावर वाचल्या जाणाऱ्या मजकुरासाठी दोनदा पैसे मागणे मला पटण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही दोघांसाठी एक वेगळा सामायिक पत्ता उघडला. आमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटात दर शुक्रवारी ‘‘उद्या मुलांना गव्हर्न्मेंट कॅम्पला बर्फात खेळायला न्यायचे का’’ अशी, माउंट हुडवरच्या त्या गावाबद्दल विचारणा होते. तिथे मी मेल चिकटवत नाही, माझ्या शब्दांत बर्फाची पातळी आणि रस्त्याची स्थिती सांगते, आणि स्नो-पार्कच्या, म्हणजे बर्फाच्या ठिकाणी गाडी लावण्याच्या, परवान्याची आठवण करून देते, कारण १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात तो नसला तर दंड भरावा लागतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी शुक्रवारी आणि शनिवारी रात्री आठला डोंगरासाठी छोटे टिपण पाठवायला सुरुवात केली. माझ्या पत्राचा परिणाम असे मी म्हणणार नाही, पण घरात तसे म्हटले जाते. टिपण चार-पाच ओळींचेच असते: बर्फाची पातळी, ती किती वाजता उतरेल, २६ आणि ३५ यांपैकी कोणता रस्ता. साडेपाचला निघणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. आठवड्यातल्या इतर दिवशी मात्र आजही सहा चाळीसच. कामातून मंगळवारी सुट्टी काढून रिकाम्या लिफ्टचा फायदा घेणारे माझ्यासारखे लोक त्यांच्या हिशेबात दिसत नाहीत.

त्यामुळे पूर्ण वर्षाचे नूतनीकरण मी केलेले नाही. डिसेंबर ते मार्च अशी चार महिन्यांची वर्गणी महिन्याच्या दराने थोडी महाग पडते, तरी वर्षाच्या रकमेहून ती कमीच आहे. उन्हाळ्याच्या वाऱ्यासाठी नवऱ्याला हवी असेल तर त्याने ती स्वतःच्या खिशातून भरावी असे ठरले आहे. रात्रीचे टिपण रविवार ते गुरुवारही सुरू झाले तर आम्ही वर्षाची भरू, असे त्यांना कळवले आहे. या खेपेस उत्तर दुसऱ्याच दिवशी आले: नोंद घेतली आहे.