'चिल्ड्रन ऑफ गॉड': तीन ताऱ्यांचे चार कसे झाले

पहिल्यांदा वाचून संपवली तेव्हा फेब्रुवारी होता आणि मी रागारागात तीन तारे देऊन मोकळी झाले होते. आता ऑगस्ट सरत आलाय. मधल्या काळात अख्खी कादंबरी आणखी एकदा आणि काही प्रकरणं चार-पाचदा वाचून झाली, म्हणून पुन्हा लिहितेय. कथा थोडी फुटेल, आधीच सांगते.

मेरी डोरिया रसेल यांच्या 'द स्पॅरो'चा (१९९६) हा पुढचा भाग, १९९८ सालचा. पहिला न वाचता यात शिरलात तर पन्नास पानांत हात टेकाल. पहिल्या भागात २०१९ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडून चक्क गाणं ऐकू येतं. बाकीचे चर्चा करत बसतात तोवर जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे पाद्री यान घेऊन निघालेलेही असतात. त्या मोहिमेतून एकटा परत येतो तो भाषातज्ज्ञ एमिलिओ सांदोस, दोन्ही हात निकामी होऊन. (खरं २०१९ काहीच ऐकू न येता गेलं आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीण कोसळली. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या मात्र ताठ उभ्या आहेत. नारायणगावावरून जाताना हल्ली मी उगाच त्या बाजूला बघते.)

दुसऱ्या भागात सांदोसला पुन्हा तिकडे जायचं नाहीये. पाद्रीपण सोडलंय, लग्न ठरलंय, होणाऱ्या बायकोच्या लहान मुलीशी गट्टी जमलीय. आणि त्याला सरळ पळवून नेतात. देवाचीच तशी इच्छा असणार, असं म्हणून त्याच्याच संघातले वरिष्ठ त्यात हात घालतात. हे वाचताना माझं डोकं जे फिरलं, ते अजून ताळ्यावर नाही.

ते गाणं जिथून आलं त्या राखात ग्रहावर दोन जमाती आहेत. रुना राबणाऱ्या, शाकाहारी. जानाआता राज्य करणारे, आणि रुनांनाच खाणारे. त्यांतल्या एका जानाआता व्यापाऱ्याचं नाव सुपारी! मराठी माणसाने हे गंभीर चेहऱ्याने वाचायचं कसं? त्यात पहिल्या भागात सांदोसला दुसऱ्याच्या हवाली करतो तोही हाच. गंमत अशी, की दुसऱ्या भागात हाच सुपारी तान्ह्या लेकीला छातीशी धरून पळतो, आणि त्याच्या नावाला हसणं आपोआप बंद होतं.

मला सगळ्यात जास्त पटलेला भाग देवाचा नाहीच, भाजीपाल्याचा आहे. पहिल्या मोहिमेतली माणसं चांगल्या मनाने रुनांना बागा करायला शिकवतात. पोटभर खायला मिळालं की रुनांना पोरं जास्त होतात, आणि त्यांची संख्या तर जानाआता मोजून-मापून ठरवत आलेले. तिथून कत्तल, कत्तलीतून बंड. मेली असं आपण समजून चाललेली सोफिया मेंडिस एक डोळा गमावून जिवंत असते, आणि त्या बंडाच्या मागे तीच उभी राहते. सांदोस पोचतो तोवर अन्याय करणारेच नामशेष व्हायला आलेत. बाजू कोणाची घ्यायची, हे लेखिका सुखासुखी ठरवू देत नाही. मानववंशशास्त्राची अभ्यासक असल्याचा फायदा इथे ठळक दिसतो.

खटकलेलं म्हणाल तर मधली दीडशे पानं. जानाआता दरबारातली नावं, नाती, कुळं. शेवटी मी लाइट बिलाच्या मागे वंशावळ काढली आणि तीच बुकमार्क म्हणून वापरली. यानावरचे इटालियन गुंडही थोडे सिनेमातले वाटतात. शिवाय ऑनलाइन मागवलेल्या माझ्या प्रतीचा डिंक जूनच्या दमट हवेत सुटला आणि नेमकी तीच दीडशे पानं गठ्ठ्याने हातात आली. पुस्तकाचंही माझ्यासारखंच मत असावं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या बाइंडरने शिवून दिलं, पण समास इतका कापला की कडेला पेन्सिलीने लिहिलेलं अर्धं गेलं.

तेव्हाच पालख्या पुण्यात होत्या. आई दरवर्षी माउलींबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाते. आदल्या रात्री तिच्या पायांना तेल चोळता चोळता मी तिला ही गोष्ट सांगितली. देवाच्या कामाला गेला आणि त्याचे असे हाल झाले, वगैरे. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझा तो फादर देवावर रुसलाय, का देवाला सोडलंय त्याने?" मी म्हटलं, काय फरक? "अगं, तुकोबा नाही का तेरा दिवस इंद्रायणीकाठी धरणं धरून बसले? ज्याला सोडलं त्याच्या दारात कोण बसतं?"

मग मी दुसऱ्यांदा वाचायला घेतली. सांदोसची चीड, टोमणे, प्रार्थना करायला ठाम नकार, सगळं या वेळी वेगळं ऐकू आलं. यानावर सगळ्यांशी फटकून वागणारा हाच माणूस नव्या मोहिमेच्या लोकांना तिथल्या भाषा मात्र नीट, एकेक प्रत्यय समजावत शिकवतो. मला फादर स्टीफन्स आठवले, इंग्लंडातून गोव्याला येऊन १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण देणारे. परक्याची भाषा इतकी मन लावून शिकणं हीच या माणसांची उपासना असेल का, असं वाटून गेलं.

शेवटावरचा राग मात्र तसाच आहे. सोफियाचा मुलगा आयझॅक माणूस, रुना आणि जानाआता या तिघांच्या डीएनएला सूर देतो आणि त्यातून सुरेल संगीत निघतं. डीएनएची अक्षरं चार. कुठल्या अक्षराला कुठला सूर, हे ठरवणारे आपणच, मग कान तृप्त झाले यात देवाचं काय? आई म्हणाली, "पेटीच्या पट्ट्याही माणसानेच लावल्यात." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर चार तारे. एक डीएनएपायी कापलाय. प्रत सध्या खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांकडे आहे. काल जिन्यात भेटले तेव्हा पिशवी खाली ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सुपारी शेवटपर्यंत टिकतो ना?" मी म्हटलं, लाइट बिल पुस्तकातच आहे, हरवू नका.