दहा मिनिटं कमी करतो म्हणाला, ३९,६९९ रुपये कमी केले

आधी आकडाच सांगतो, कारण घरी तो तोंडातून काढायला मला एकोणीस दिवस लागले. एकोणचाळीस हजार सहाशे नव्व्याण्णव रुपये. ओटीपी कुणाला दिला नाही, लिंक उघडली नाही, कुठलं ॲप उतरवून घेतलं नाही. मी शुद्धीत, स्वतःच्या हाताने, पिन टाकून, मोबाईलवर भेटलेल्या एका धावण्याच्या कोचला चार वेळा पैसे पाठवले.

वय ४६, नोकरी अकाउंट्समध्ये. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढायचे मला पैसे मिळतात. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे ‘आम्ही नाही बाबा असे फसणार’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

दहा किलोमीटरला माझी सगळ्यात चांगली वेळ ५८ मिनिटं ४२ सेकंद. दोन वर्षं तिथेच अडकलोय. बरोबर धावायला सुरुवात केलेले दोघं पन्नासच्या आत गेले आणि रविवारी धावणं झाल्यावर चहाच्या टपरीवर विषय निघाला की मी बुटाच्या नाड्या बांधायला लागायचो. अशा माणसाला मोबाईलवर जाहिरात दिसली: ‘१२ आठवड्यांत १० मिनिटं कमी. गॅरंटी.’ धावण्यात गॅरंटी देणारा माणूस एक तर कधी धावलेला नसतो किंवा तुमच्या खिशाकडे धावत असतो. हे शहाणपण आत्ताचं.

पहिले १४,९९९ प्लॅनचे. दुसऱ्या आठवड्यात ३,५०० ‘धावण्याच्या ढबीचं विश्लेषण’ म्हणून. मी तीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं, ‘सर, खांदे सैल सोडा.’ मग ११,२०० तळव्यात कार्बनची पट्टी असलेल्या धावण्याच्या बुटांचे, ग्रुपला मिळणाऱ्या खास भावात. आणि शेवटी १०,००० ‘कमिटमेंट डिपॉझिट’: टार्गेट गाठलं की परत. या शेवटच्या दहा हजारांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तेव्हा मला वाटलं होतं, बघा, किती आत्मविश्वास आहे गड्याला स्वतःच्या कामावर!

बूट आले नाहीत. ‘कस्टम्समध्ये अडकलेत.’ किती ऐकलंय आपण हे!

आता प्लॅनबद्दल, कारण खरी लाज तिथे आहे. मंगळवारी ४०० मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकी १ मिनिट ५५ सेकंदांत. हे बरोबर होतं. पुण्यात सणस मैदानाच्या ट्रॅकवर पाचव्या तुकड्याला माझी वाट लागायची, पण पन्नास मिनिटांचं स्वप्न असेल तर तेवढं लागतंच. गुरुवारी टेम्पो रन: ५ किमी, वेग ८:२०, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं २० सेकंद. शनिवारी इझी रन, म्हणजे सावकाश धावणं: ६ किमी, वेग १०:३०.

धावणाऱ्यांना आत्ताच हसू फुटलं असेल. मी पूर्ण शर्यतच किलोमीटरला ५:५२ने धावतो. टेम्पो म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येऊ नये इतका दम लागणं. ८:२०ला मी फोनवर एलआयसीच्या हप्त्याचा हिशेब करू शकतो. आणि साडेदहा मिनिटाला किलोमीटर म्हणजे धावणं नाहीच, ते चालणं आहे. शनिवारी पहाटे तळजाई टेकडीच्या चढावर मी ‘धावत’ होतो आणि कानटोपी घातलेले, हातात काठी असलेले एक आजोबा मागून आले, ‘चालू द्या’ म्हणाले आणि पुढे गेले. त्या दिवशी परतताना दुधीच्या रसाच्या गाडीपाशी ते भेटले. ‘गुडघा दुखतोय का?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो!

तिथे कळायला हवं होतं. तिथेच. मंगळवारचा वेग आणि गुरुवारचा वेग एकाच माणसाच्या प्लॅनमधले असूच शकत नव्हते. मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. व्हॉइस नोट आली: ‘सर, तुमचा इगो धावतोय, तुम्ही नाही. हळू धावायला हिंमत लागते.’ आणि मी ओशाळलो! वर हेच वाक्य टपरीवर त्या दोघांना ऐकवलं.

उलगडा नंतर झाला. कुठला तरी अमेरिकेतला फुकटचा प्लॅन उचलून त्याने ‘मैल’ खोडून ‘किमी’ लिहिलं होतं, आकडे तसेच. मैलाला ८:२० म्हणजे किलोमीटरला ५:११. मैलाला १०:३० म्हणजे किलोमीटरला ६:३१. आता सगळं जुळतं. ट्रॅकचे तुकडे मीटरमध्येच असतात, म्हणून तेवढेच बरोबर राहिले. १.६०९ने भागायची अक्कल नसलेल्या माणसाला मी सात आठवडे ‘कोच’ म्हणत होतो.

आणि बिल. त्याने बिल पाठवलं होतं, रंगीत, शिक्क्यासकट. त्यावरचा जीएसटी नंबर तेरा अक्षरांचा होता. पंधरा असतात, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ने. ऑफिसात असं बिल आलं असतं तर मी पाठवणाऱ्याला फोन करून झापलं असतं. इथे मी ते ‘रनिंग’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं. नंबर खरा की खोटा, हे जीएसटीच्या पोर्टलवर फुकट बघता येतं. बघा.

त्याच्या पेजवर पदकं गळ्यात घातलेल्यांचे फोटो होते, खाली ‘५९ वरून ४८ मिनिटं’ वगैरे. फोटोत छातीवरचा बिब नंबर, म्हणजे शर्यतीत प्रत्येकाला मिळणारा नंबर, स्पष्ट दिसतो. शर्यतीची वेळ मोजणाऱ्या टायमिंगवाल्यांच्या साइटवर शर्यत निवडून नंबर टाकला की वेळ येते. मी सगळं संपल्यावर टाकला. ४८ मिनिटंवाल्या ताई १ तास ४ मिनिटांत आल्या होत्या आणि त्यांचं नावही वेगळंच होतं. एक मिनिटाचं काम होतं हो.

आठव्या आठवड्यात टाइम ट्रायल होती, घड्याळ लावून धावायची चाचणी, म्हणजे डिपॉझिट परत द्यायची वेळ. सोमवारी सकाळी ग्रुप गायब, नंबर बंद, पेज गायब.

त्यानंतर लाजेखातर एकोणीस दिवस घालवले. ते करू नका. १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत, पैसे पुढे सरकायच्या आत. तरच ते गोठवता येण्याची आशा. मी केला तेव्हा तक्रार नोंदली, पावती क्रमांक मिळाला आणि तोवर खात्यात काही उरलं नव्हतं.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ‘प्रिंटआउट आणा’. आणल्या, बत्तीस पानं. तिसऱ्या दिवशी वाचायला सुरुवात झाली आणि हवालदारांनी मान वर करून विचारलं, ‘धावायला पैसे कशाला लागतात?’ शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी पण हसलो, काय करणार. पुढचा प्रश्न: प्लॅन मिळाला का? मिळाला. मग सेवा मिळाली, हे सिव्हिल मॅटर. मी म्हटलं, साहेब, बूट? बुटांसाठी ग्राहक मंचात जा. डिपॉझिट? तुम्ही स्वखुशीने दिलंत ना? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे आपलं जुनं ४२०, मी घरून वाचून गेलो होतो. ते उच्चारल्यावर मात्र हसू थांबलं आणि ‘वकील आहात का’ असा तिरका प्रश्न आला. अर्ज घेतला. गुन्हा नोंदवला नाही. एवढंच ऐकायला तीन अर्ध्या रजा टाकल्या, त्या मी हिशेबात धरलेल्या नाहीत.

बँकेचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला आहे. माझ्या फॉर्ममधलं पहिलंच वाक्य तेच होतं. मी पण तेच सांगतोय, अहो!

पैसे खासगी नावाच्या खात्यात मागितले तर तिथेच थांबा. ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ दिसलं की झोपून जा. कोचबरोबर आधी एकदा मैदानावर भेटा. भेटायला टाळणारा कोच नसतो. आणि घड्याळवाल्या कंपन्यांचे दहा किलोमीटरचे प्लॅन फुकट मिळतात, तेही किलोमीटरमध्ये.

बायको रागावली नाही. ‘अहो, मला तेव्हा विचारलं असतंत तर मी तुम्हाला फुकट हळू चालायला शिकवलं असतं,’ एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट अजून तिलाही सांगितलेली नाही. चौथ्या आठवड्यात कोचने त्याच्या प्लॅनची शिफारस करणारा व्हिडिओ मागितला आणि मी दिला. तो पाहून आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने १४,९९९ भरले. त्या मुलाला मी दर महिन्याला तीन हजार देतोय. दोन हप्ते झाले. आणि आता दुसऱ्याच नावाचं नवीन पेज उघडलंय, त्यावर तो व्हिडिओ फिरतोय. मी तीनदा रिपोर्ट केलं, तिन्ही वेळा उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. निळा टीशर्ट, मागे तळजाईची झाडं, घामाचा एक थेंब नाही, आणि ‘हळू धावायला हिंमत लागते’ म्हणणारा माणूस दिसला तर तो मी आहे. तुम्हीही रिपोर्ट करा.