साठीनंतर बासरी शिकणाऱ्यांसाठी सी मिडियम बांबू बासरी, वापरून सांगतो

साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा बासरी हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहून राहिलो. मोबाइलवर जेवढे रिव्ह्यू पाहिले ते सगळे तरण्या पोट्ट्यांचे, आवाज मस्त पॅकिंग मस्त एवढंच, फुंक लवकर बसते का नाही हे कोणीच सांगत नाही अन् आपल्या वयाला तोच खरा प्रश्न आहे.

बासरी सी नॅचरल मिडियम आहे, पेटीवर पाहाल तर पांढरी एक. लांबी १८-१९ इंच, बोटांची सहा भोकं अन् फुंकायचं एक, हजाराच्या आत मिळाली. बांबू आसामचा. आपल्याकडं मेळघाट गडचिरोलीत बांबूला तोटा नाही पण आपला मानवेल जाड अन् बराचसा भरीव, लाठीला चांगला, बासरीला पातळ अन् लांब पेराचा लागते. कुरियरवाला गावापर्यंत येत नाही म्हणून तालुक्याहून आणावी लागली, पण पॅकिंग खरंच चांगलं, पीव्हीसी पाइपात घालून दोन्ही टोकं बंद करून पाठवली होती, तोच पाइप आता तिचं घर झाला.

लोक पहिलीच बासरी ई बास घेतात, ३० इंचाच्या आसपासची, काहून की तो खोल आवाज कानात बसलेला असते. लांब बासरीला शास्त्रीय संगीतात मान मिळवून दिला पन्नालाल घोष यांनी (१९११-१९६०), अन् पुढं हरिप्रसाद चौरसियांनी ती घरोघरी पोचवली, त्यामुळं मोह होतेच. पण त्या लांबीला बोटं इतकी ताणावी लागतात की सगळं ध्यान बोटांकडं जाते अन् ओठ तसेच राहतात. नवशिक्याची फुंक अजून बसलेली नसते, श्वासही लवकर संपते, मग नुसता हवेचा फसफस आवाज. मिडियममध्ये बोटं आरामात बसतात, हवा कमी लागते, अन् मन पूर्ण ओठावर ठेवता येते. माझ्या मते वय झालेल्या माणसानं हीच घ्यावी.

आता फुंकेचं सांगतो. बासरी घेतल्या घेतल्या बोटं ठेवूच नका. फुंकायच्या भोकाची अलीकडची कड खालच्या ओठाच्या कडेला टेकवायची, ओठानं भोक अंदाजे पाव ते तिसरा हिस्सा झाकलं पाहिजे, अन् हवा पलीकडच्या कडेवर जाऊन आदळली पाहिजे, म्हणजे थोडी आत थोडी बाहेर फाटते, तिथंच सूर तयार होते. बशीतला चहा फुंकतो तशी पसरट फुंक इथं कामाची नाही. ओठ मिटून हलकेच 'प' म्हणा, मधोमध जी बारीक फट उघडते तेवढीच ठेवायची अन् गाल फुगवायचे नाही. समोर आरसा ठेवा, फट अन् भोक एका रेषेत आहे का ते पाहा, पुष्कळदा फट थोडी डाव्या उजव्या बाजूला असते, मग बासरी तेवढी सरकवायची, तोंड वाकडं करायचं नाही. सुरुवातीला खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली फुंकून पाहिली तरी फुंकेचा कोन समजते.

या बासरीवर मोकळी फुंक लवकर बोलते. नंतर डाव्या हाताची वरची तीन भोकं झाकली की सा. तोच सा लांब धरायचा, हलू द्यायचा नाही. बोटं तशीच ठेवून फट आणखी बारीक केली अन् हवा जोरात न देता वेगात दिली की तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा निघते, तिथं समजते की ओठ कामाला लागले. सहाही भोकं झाकून मंद्र प, म्हणजे खालच्या सप्तकातला प काढणं सगळ्यात अवघड. शेतीकाम केलेल्या हातांची बोटं घट्ट पडलेली असतात, भोक पूर्ण झाकलं का नाही ते बोटाला समजत नाही, थोडी जरी हवा निसटली तरी प रुसते अन् आपल्याला वाटते फुंकच चुकली. एकेक बोट उचलून ठेवून तपासा.

वयाचे काही प्रश्न वेगळे असतात ते कोणी लिहत नाही. समोरचे दात पडले असतील तर ओठाला मागून आधार राहत नाही, कवळी असेल तर रोज कवळी घालूनच वाजवा, एक दिवस घालून एक दिवस काढून असं केलं तर फुंक बसणारच नाही. मिशा वरच्या ओठावर उतरत असतील तर कापा, केस हवेत येतात अन् आवाज फाटते. अन् आपल्या भागातली मोठी गोष्ट म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखू घोटून खातात तो. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड पूर्ण उघडत नाही, गाल ओठ कडक होतात, बासरीच्या आधी तो सुटला तर गंज चांगलं. चक्कर आली तर ताबडतोब थांबा, जास्त फुंकल्यानं येते ती, बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच सुरू करा. एकदम तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोनतीनदा दहा दहा मिनिटं, ओठाचे स्नायू दमले की त्यापुढं सूर बिघडतच जाते.

उणिवा पण सांगतो. फुंकायच्या भोकाच्या पलीकडच्या कडेला बांबूचा बारीक तंतू उभा राहिला होता, बोट फिरवलं की लागे, त्यानं सुरात खरखर येत होती, बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हातानं फिरवला तेव्हा साफ झाली. जास्त घासू नका, कड गोल झाली की बासरी गेली. ध ट्यूनरवर (सूर मोजायचं ॲप) किंचित उतरलेला दिसते, भजनात पेटीसोबत खटकत नाही पण तंबोऱ्याच्या ॲपसोबत कानाला समजते. आमच्या इथं सामुदायिक प्रार्थनेची पेटी काळी एकला असते, तुमच्याकडं तसंच असेल अन् सोबत वाजवायचं असेल तर सी शार्प मागवा, ही जुळणार नाही.

दोऱ्याची बांधणी घट्ट आहे अन् ती लागतेच, आपल्याकडच्या मे महिन्यात बांबू तडकते. टिनाखाली, गाडीच्या डिकीत, कूलरच्या ओल्या हवेसमोर ठेवू नका. उन्हाळ्यात सूर चढलेला वाटला तर घाबरू नका, हवा तापली की चढतेच, थंडीत उतरते.

पाचपैकी चार. मागवायच्या आधी विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर म्हणा की मंद्र प अन् तार सा त्याच बासरीवर वाजवून रेकॉर्डिंग पाठवा, चांगला कारागीर लगेच पाठवते.