एकत्रित ताळेबंद: मार्चअखेरची एक्सेल शीट की एलिमिनेशनची वेगळी वही?

आमच्या मूळ कंपनीचा कारखाना रत्नागिरीत. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा यायला लागला की पल्प काढायचा, डबे भरायचे आणि उपकंपनीला विकायचे. उपकंपनीचं गोदाम पनवेलला, बाहेरची सगळी विक्री तिच्याकडूनच. कुडाळला तिचं एक छोटं काजू युनिटही आहे. उपकंपनीत आमचा हिस्सा ८० टक्के, उरलेले २० टक्के बाहेरच्यांकडे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२९(३) नुसार आमच्यासारख्या खासगी कंपनीलाही एकत्रित हिशेब, म्हणजे मूळ कंपनी आणि उपकंपनी मिळून एकच ताळेबंद, करावे लागतात. मी इथे आलो तेव्हा ते एक्सेलच्या शीटवर व्हायचे. दोन वर्षं मी तीच शीट पुढे चालवली. नंतरची चार वर्षं एलिमिनेशनसाठी, म्हणजे दोन कंपन्यांतलं आपसातलं वजा करण्यासाठी, स्वतंत्र वही ठेवतो आहे. तुमचंही पहिलं एकत्रीकरण दारात आलं असेल आणि यातलं काय धरावं असा प्रश्न असेल, तर दोन्ही वापरून जे दिसलं ते सांगतो.

शीटची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. दोन्ही कंपन्यांचे ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाकींच्या याद्या) शेजारी शेजारी मांडायचे, तिसऱ्या रकान्यात आपसातली विक्री-खरेदी, येणं-देणं, कर्ज आणि व्याज काढून टाकायचं, चौथ्या रकान्यात एकत्रित आकडा. वहीच्या पद्धतीत सॉफ्टवेअरमध्ये तिसरी कंपनी उघडायची, जी प्रत्यक्षात कुठेच नोंदलेली नाही. तिच्यात फक्त एलिमिनेशनची व्हाऊचर्स, म्हणजे नोंदी, टाकायची. मग तिघींची मिळून ग्रुप कंपनी करायची. टॅलीतली ग्रुप कंपनी आकड्यांची फक्त बेरीज करते, आपसातलं काही आपणहून काढत नाही, म्हणून ही तिसरी लागते.

शीटची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर चांगली आहे. सगळं एका नजरेत दिसतं. ऑडिटर समोर बसले की पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतं. दोन्ही कंपन्यांत खात्यांची नावं वेगळी असली तरी बिघडत नाही, शीटमध्ये जुळवून घेता येतं. वहीत तसं चालत नाही. मूळ कंपनीत ‘वाहतूक खर्च’ आणि उपकंपनीत ‘ट्रान्सपोर्ट’ असेल, तर ग्रुपमध्ये दोन ओळी उभ्या राहतात. पहिल्या वर्षी फक्त खात्यांची नावं सारखी करण्यात माझा अख्खा पंधरवडा गेला. शिवाय वहीची पद्धत म्हणजे दर महिन्याला आपसातली खाती जुळवणं आलंच, आणि मे महिन्यात ते होत नाही. कॅनिंग चालू असताना आमच्याकडे अकाउंटचा माणूसही वजनकाट्यावर उभा असतो. एप्रिल आणि मेचं मॅचिंग आम्ही जूनच्या अखेरीस, पावसाने जरा उसंत दिली की करतो. तेव्हा दरमहा वगैरे जे मी म्हणतो, ते वर्षातले दहा महिने खरं आहे.

खाती जुळत नाहीत याचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच, त्यावर फार वेळ घालवत नाही. आमच्याकडे तीन ठिकाणी फरक येतो. एक, ३० मार्चला रत्नागिरीहून निघालेला ट्रक. मूळ कंपनीने बिल केलेलं असतं, पनवेलला माल २ एप्रिलला उतरतो. तो माल एकत्रित साठ्यात वाटेवरचा माल म्हणून धरायचा, नाहीतर तो कुणाच्याच ताळेबंदात नसतो. दोन, टीडीएस. २०२१ च्या जुलैपासून दहा कोटींवर उलाढाल असलेल्या खरेदीदाराला पन्नास लाखांवरच्या खरेदीवर ०.१ टक्का कापावा लागू लागला. उपकंपनी तो बिलाबरोबर कापते, मूळ कंपनी तिमाही संपल्यावर नोंदवते. मधल्या काळात दोघींच्या बाकीत तेवढा फरक राहतो. तीन, जीएसटी. विक्री-खरेदी जीएसटी सोडून काढायची असते, येणं-देणं मात्र जीएसटीसकट, त्यामुळे एकाच बिलाचे दोन वेगळे आकडे कापावे लागतात. नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. फरक एवढाच की शीटवर हे सगळं एप्रिलनंतर एकदम अंगावर येतं, वहीत थोडं थोडं येतं.

इथवर पारडी बरीचशी समान आहेत. माझा निर्णय झाला तो साठ्यातल्या नफ्यावरून.

पल्पचा धंदा हंगामी आहे. मे-जूनमध्ये भरलेला डबा पुढच्या मार्चपर्यंत विकला जातोच असं नाही, आणि दर ३१ मार्चला पनवेलच्या गोदामात आमचाच माल पडून असतो. समजा, एका खोक्याचा उत्पादन खर्च २,००० रुपये आहे आणि मूळ कंपनीने तो २,४०० ला उपकंपनीला विकला. मार्चअखेर ६०० खोकी शिल्लक आहेत. उपकंपनीच्या पुस्तकात त्यांची किंमत १४,४०,००० रुपये, पण दोन्ही कंपन्या एकच घर मानलं तर आपला खर्च १२,००,०००. मधले २,४०,००० बाहेरच्या गिऱ्हाईकाकडून अजून मिळालेले नाहीत. हिशेबाचं मानक एएस २१ सांगतं की हा न मिळालेला नफा पूर्ण काढा. आमचा हिस्सा ८० टक्के म्हणून ८० टक्केच काढायचा असं नाही. नफा मूळ कंपनीने नोंदवलेला असल्यामुळे त्याचा भार आम्ही मायनॉरिटीच्या, म्हणजे बाहेरच्या २० टक्केवाल्यांच्या, वाट्यावर टाकत नाही. माल उलट दिशेने, उपकंपनीकडून मूळ कंपनीकडे आला असता, तर मायनॉरिटीच्या वाट्यातूनही त्यांचे २० टक्के कमी झाले असते. कराचं म्हणाल तर एएसखाली दोन्ही कंपन्यांच्या कराची बेरीज जशीच्या तशी येते. इंड एएस (एएसऐवजी मोठ्या कंपन्यांना लागू होणारी मानकं) लागू असेल तर या २,४०,००० वर डिफर्ड टॅक्सही, म्हणजे पुढच्या वर्षांत पडणारा कराचा फरकही, धरावा लागतो.

हे पहिल्या वर्षी सगळ्यांना जमतं. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. समजा, पुढच्या मार्चला ९०० खोकी उरली, म्हणजे ३,६०,००० काढायचे. पण गेल्या वर्षीची ६०० खोकी दरम्यान विकली गेली, त्यांचे २,४०,००० या वर्षी खरोखर मिळाले. म्हणून या वर्षीच्या नफ्याला फक्त १,२०,००० चा फटका बसला पाहिजे, आणि सुरुवातीच्या रिझर्व्हमधून, म्हणजे आधीच्या वर्षांच्या साठलेल्या नफ्यातून, २,४०,००० वजा झाले पाहिजेत. आता हे २,४०,००० कुठे लिहिलेले आहेत? मूळ कंपनीच्या पुस्तकात नाहीत, उपकंपनीच्याही नाहीत. ते फक्त गेल्या वर्षीच्या शीटमध्ये आहेत.

मी आलो त्या वर्षी ती शीट मला मिळाली, पण सगळे आकडे पेस्ट व्हॅल्यू केलेले होते. फॉर्म्युला नाही, शेरा नाही, खोक्यांची संख्या नाही. करणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. मी साठ्याच्या यादीवरून गेल्या वर्षीचा नफा पुन्हा काढला, तर सुरुवातीचा रिझर्व्ह छापील ताळेबंदाशी जुळेना. वर दिलेल्या उदाहरणाच्याच प्रमाणात सांगायचं तर फरक ४८,००० चा. ऑगस्टचा शेवट होता. गणपती तोंडावर आलेले, ऑफिसातली निम्मी माणसं गावाला जायच्या तयारीत, आणि सप्टेंबरअखेर वार्षिक सभा. अडीच दिवस मी तो फरक शोधत होतो. ट्रकमधला माल पाहिला, टीडीएस पाहिला, व्याज पाहिलं. शेवटी कागदावर वेगवेगळे गुणाकार करून बघताना उलगडलं. आधीच्यांनी १४,४०,००० चे २० टक्के काढले होते, २,८८,०००. नफा खर्चावर २० टक्के असतो तेव्हा विक्रीच्या किमतीवर तो सहावा हिस्सा असतो, म्हणजे २,४०,०००. चूक साधी आहे, घाईत कुणाकडूनही होते. पण शीटवर नुसता २,८८,००० एवढाच आकडा होता, आणि त्याच्यामागचा विचार विचारायला माणूस नव्हता. ऑडिटरांशी बोलून आम्ही ती रक्कम पूर्वकालीन बाब म्हणून त्या वर्षी वेगळी दाखवली.

दुसऱ्या वर्षी मी स्वतः शेरे लिहून शीट केली, तरी एक गोष्ट निसटली. मूळ कंपनीने जुना जनरेटर कुडाळच्या युनिटला विकला होता, त्यावर एक लाखाचा नफा. त्याचं उरलेलं आयुष्य पाच वर्षं. म्हणजे तो एक लाख काढायचा आणि पुढे दरवर्षी २०,००० चा जास्तीचा घसारा उलटवायचा, पाच वर्षं. शीट नव्या वर्षासाठी कॉपी करताना ती ओळ गळली. सही व्हायच्या आदल्या दिवशी सापडली. सापडली हे बरं, पण आणखी चार वर्षं ही ओळ कोण लक्षात ठेवणार, हा विचार डोक्यातून गेला नाही. त्याच दिवाळीनंतर मी तिसरी कंपनी उघडली.

वहीत हे २,४०,००० खात्याची बाकी म्हणून राहतात. मी ‘साठ्यातला न मिळालेला नफा’ असं खातं चालू मालमत्तेत उणे बाकीचं ठेवलं आहे, आणि छापील ताळेबंदात ते साठ्यातून वजा करून दाखवतो. वर्ष बदललं की सॉफ्टवेअर बाकी आपोआप पुढे नेतं आणि रिझर्व्हमधली वजावटही सोबत येते. दुसऱ्या मार्चला मला फक्त फरकाचं, १,२०,००० चं व्हाऊचर टाकावं लागतं. जनरेटरचंही तसंच. खातं समोर दिसत असतं, त्यात बाकी आहे तोवर काम शिल्लक आहे. आणि प्रत्येक व्हाऊचरला नॅरेशन, म्हणजे खुलाशाची ओळ, असतं. आकडा बदलला तर एडिट लॉगमध्ये कुणी, कधी बदलला हे दिसतं. ऑडिटला किती वेळ वाचला हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. एवढं सांगतो की त्यानंतर सुरुवातीचा रिझर्व्ह एकदाही शोधावा लागला नाही.

मधे एकदा आमच्या संचालकांनी विचारलं होतं, उपकंपनीला माल खर्चाच्या भावातच दिला तर काढायला नफाच उरणार नाही, मग ही कटकट कशाला? ऐकायला बरं वाटतं. पण मग मूळ कंपनीने कमावलेला नफा उपकंपनीत जातो आणि त्यातले २० टक्के बाहेरच्या भागीदारांचे होतात. वर, संबंधित कंपन्यांतला भाव बाजारभावाला धरून नसेल तर कंपनी कायदा, आयकर आणि जीएसटी, तिन्हीकडे उत्तरं द्यावी लागू शकतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव बदलायला माझं मन घेत नाही.

म्हणून शीट वाईट, असं मी म्हणणार नाही. उपकंपनी पूर्ण मालकीची असेल, आपसात फक्त भाडं आणि व्याज असेल, मार्चला आपसातला माल शिल्लक राहत नसेल, तर शीट पुरते. तिथे एका वर्षाचं दुसऱ्या वर्षात काही जातच नाही. कोळंबी लगेच पाठवून मोकळे होणारे एक परिचित अजून शीटवरच आहेत आणि सुखात आहेत. पण गोदामात माल पडून राहणारा धंदा असेल, पल्प, काजू, कोकम, किंवा मशिनरी एकीकडून दुसरीकडे गेली असेल, तर मला वाटतं वहीचा पंधरवड्याचा त्रास एकदा सोसावा.

सुरुवात एप्रिल-मेमध्ये करू नका. आम्ही दिवाळीनंतर केली, तेव्हा हातात वेळ असतो आणि गेल्या वर्षीचा सही झालेला ताळेबंदही असतो. वहीची तारीख १ एप्रिल धरून त्या ताळेबंदातली एलिमिनेशन्स सुरुवातीची बाकी म्हणून टाका. पहिलं खातं साठ्यातल्या नफ्याचंच घ्या, आणि नॅरेशनमध्ये खोकी किती, खर्चाचा भाव काय, विक्रीचा भाव काय, नफा कशावर काढला, हे चारही लिहा.