पावतीवरचे ‘फोर व्हील’: एटीव्ही खरेदीत झालेली माझी फसवणूक

मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. खाली भातखाचरे आहेत, वरच्या उतारावर आंब्याची झाडे आहेत, आणि मधल्या चढावर पावसाळ्यात जीप तर सोडाच, ट्रॅक्टरही नीट जात नाही. खताची पोती, फवारणीचा पंप आणि चारा वर नेण्यासाठी एक एटीव्ही, म्हणजे जाड टायरची, हँडलवर चालवायची, कच्च्या वाटांसाठीची छोटी चारचाकी घ्यावी, आणि रविवारी माझ्या पुतण्याने व मी तीच गाडी डोंगराच्या वाटांवर हौसेने चालवावी, असा विचार करून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी नगर रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून चार लाख साठ हजार रुपयांना गाडी घेतली. ती गाडी यांपैकी कोणत्याच कामाची नव्हती. असा दुहेरी हेतू धरून खरेदीला निघालेल्या माणसाला किती सहज फसवता येते, हे मला त्यानंतर कळले, आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने पहिल्याच भेटीत माझी गरज विचारून घेतली आणि म्हणाला, “साहेब, शेतात बैल आणि टेकडीवर हरीण, अशी ही गाडी आहे.” हे वाक्य मला पटले, कारण मला तेच ऐकायचे होते. वास्तविक कामाची एटीव्ही आणि खेळाची एटीव्ही यांची बांधणीच वेगळी असते. कामाच्या चांगल्या गाडीचे वजन बहुधा तीनशे किलोच्या आसपास किंवा पुढे असते, तिची चारही चाके इंजिनाने फिरवता येतात, मागच्या दोन चाकांना बऱ्याचदा स्वतंत्र सस्पेन्शन असते, पुढे-मागे सामानाचे रॅक आणि ओढण्यासाठी हुक असतो, आणि चढावर ओझे घेऊन सावकाश जाण्यासाठी वेगळा ‘लो’ गिअर असतो. खेळाची गाडी, उदाहरणार्थ यामाहाची रॅप्टर 700, हलकी असते, तिची फक्त मागची चाके साखळीवर फिरतात, चाके जोडणारा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि रॅक नसतात. कामाची चांगली गाडी घेऊन हौसेने फिरता येते, फक्त वेगाची आणि उड्यांची अपेक्षा ठेवायची नसते. खेळाच्या गाडीवर मात्र खत वाहता येत नाही. दोन्ही कामे हवी असतील तर कामाच्या गाडीपासून सुरुवात करावी लागते, हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला जी गाडी चालवायला दिली, ती खरोखरच चांगली होती. ती मातीच्या ढिगावर सहज चढली, हँडलवरचे बटण दाबताच पुढची चाकेही ओढू लागली. त्याच रंगाची, त्याच स्टिकरची गाडी आठ दिवसांनी टेम्पोतून शेतावर आली, तेव्हा संध्याकाळ झाली होती, पाऊस लागला होता आणि गाडीला प्लॅस्टिक गुंडाळलेले होते. चालकाने घाई केली, मी चलनावर सही केली आणि उरलेली रक्कम त्याच वेळी ऑनलाइन भरली. मी चालवून पाहिलेली गाडी आणि मला मिळालेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या होत्या. दुकानात पाहिलेल्या गाडीचा चासिस क्रमांक मी टिपून घेतला असता, तर सही करण्यापूर्वी दोन्ही क्रमांक ताडून पाहता आले असते. पूर्ण पैसे देण्याआधी करायचे हे एकच काम मी केले नाही.

पहिल्या आठवड्यात गाडी खाचराच्या कडेला चिखलात रुतली. बटण दाबले, दिवा लागला, पण पुढची चाके जागची हलली नाहीत. शेजारच्या बैलांनी ती ओढून काढली. त्यानंतर मागच्या रॅकवर युरियाची दोन पोती ठेवली. हल्ली युरियाचे पोते 45 किलोचे असते, म्हणजे ओझे 90 किलोचे झाले. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या रॅकची मर्यादा 80 ते 100 किलोच्या आसपास असते, त्यामुळे मी काही अवाजवी केले असे मला वाटत नाही. चढाच्या मध्यावर रॅकचे वेल्डिंग तुटले, पोती मागे सरकली, पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली आणि गाडी माझ्या पुतण्यासह मागे कोसळण्याच्या बेतात आली. त्याने उडी मारली म्हणून तो वाचला. अंगावर आलेली एटीव्ही माणसाचा जीव घेऊ शकते. पैशांच्या नुकसानीपेक्षा त्या क्षणाची आठवण मला आजही अधिक अस्वस्थ करते.

गाडी टोचन करून पुण्यात नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती जॅकवर उचलली आणि मला खाली वाकून पाहायला सांगितले. “काका, याला पुढे अ‍ॅक्सलच नाहीत, मग चाकं फिरणार कशी?” असे ते म्हणाले. खऱ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत, म्हणजे चारही चाके इंजिनावर फिरणाऱ्या गाडीत, पुढच्या प्रत्येक चाकाकडे एक अ‍ॅक्सल जातो आणि त्याच्या टोकांना घडीघडीचे रबरी आवरण असते. ते ओळखायला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही. इथे ते नव्हतेच. हँडलवरच्या बटणाची वायर फक्त दिव्याला जोडलेली होती. मागे साखळी आणि अखंड अ‍ॅक्सल होता, त्यात डिफरन्शियल नव्हते, म्हणजे वळताना आतले व बाहेरचे चाक सारख्याच वेगाने फिरणार आणि कठीण जमिनीवर गाडी वळायला अडणार. 570 सीसीचे सांगितलेले इंजिन अडीचशेच्या आसपासचे, हवेवर थंड होणारे होते. त्यांच्याच सूचनेवरून मी परतताना वजनकाट्यावर गाडीचे वजन केले. माहितीपत्रकात 330 किलो लिहिले होते, काट्याच्या पावतीवर 190 किलो आले. ती पावती पुढे माझा सर्वांत भक्कम पुरावा ठरली, कारण तिच्यावर वाद घालायला फारशी जागा नाही.

मग मी कागद काढले. पावतीवर ‘एटीव्ही, फोर व्हील, एक नग’ एवढेच लिहिलेले होते. ‘फोर व्हील ड्राइव्ह’ असा शब्द कुठेच नव्हता, चासिस क्रमांक नव्हता, इंजिनाची क्षमता नव्हती. हे मी घेताना वाचले होते आणि तरीही मला त्यात चार चाकांची ओढ दिसली होती. गाडीवरचा चासिस क्रमांक सतरा अक्षरांचा होता. त्यातले पहिले अक्षर इंग्रजी एल होते, म्हणजे गाडी चीनमध्ये बनलेली होती, आणि मला ती अमेरिकन म्हणून विकली होती. दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष दाखवते. ते ई होते, म्हणजे 2014. विक्रेत्याने 2022 सांगितले होते, आणि त्या वर्षासाठी तिथे एन असायला हवे होते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, तर ती नोंदणी माझ्या खरेदीच्या आधीच रद्द झालेली होती. हे सगळे तपासायला मला फार तर वीस मिनिटे लागली.

पासिंगबाबतचा खोटेपणा सर्वांत चतुर होता, कारण तो एका खऱ्या गोष्टीवर उभा होता. पोलारिसची स्पोर्ट्समन 570 ही एटीव्ही भारतात ट्रॅक्टर म्हणून रस्त्यावर चालवण्याच्या मान्यतेसह विकली गेली आहे. तो दाखला देऊन विक्रेत्याने सांगितले की याही गाडीची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी महिन्याभरात होईल. अशी मान्यता त्या विशिष्ट मॉडेलला चाचणी होऊन मिळते, दिसायला सारख्या असणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती लागू होत नाही. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी संस्था माझ्या घरापासून जवळच आहे, आणि तिच्या दारावरून मी वर्षानुवर्षे गेलो आहे, तरी या गाडीच्या मान्यतेचा कागद मी कधी मागितला नाही. संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो तेव्हा त्यांनी नमुना 21 म्हणजे विक्रीचा दाखला आणि नमुना 22 म्हणजे उत्पादकाचे वाहनयोग्यतेचे प्रमाणपत्र मागितले. दोन्ही माझ्याकडे नव्हते, आणि त्यांशिवाय नोंदणी होत नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे आमच्या दोन तुकड्यांमधला डांबरी रस्ता ओलांडणेही नियमबाह्य ठरत होते.

विक्रेत्याने आधी दुरुस्तीचे आश्वासन दिले, मग फोन घेणे बंद केले. मी त्याला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली, पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 नुसार फसवणुकीचा अर्ज दिला आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. गाडी शेतीच्या कामासाठी घेतल्यामुळे मी व्यापारी ठरतो आणि ग्राहक नाही, असा बचाव समोरून आला आहे. कायद्यात स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूतून वगळली आहे आणि मी स्वतः ती शेती करतो, असे माझे उत्तर आहे. वजनकाट्याची पावती, मेकॅनिकचा लेखी अहवाल, जॅकवर काढलेले फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे विक्रेत्याचे संदेश मी तक्रारीसोबत जोडले आहेत. त्या संदेशांमध्ये त्याने ‘पक्की फोर बाय फोर’ असे स्वतःच लिहिलेले आहे, आणि जे पावतीवर नव्हते ते तिथे सापडले.

प्रकरण अजून सुरू आहे. पुरावा म्हणून गाडी तशीच ठेवणे भाग असल्यामुळे ती शेतावरच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. त्या दुकानाची जाहिरात अजून सुरूच आहे आणि तिच्यातला फोटो मी चालवून पाहिलेल्या गाडीचाच आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातले दोन तरुण शेतकरी अशीच गाडी घ्यायला निघाले होते. मी त्यांना गोठ्यात नेले, ताडपत्री काढली आणि जमिनीवर पाठ टेकून पुढच्या चाकांच्या मधली रिकामी जागा पाहायला लावली. त्यांनी बराच वेळ ती पाहिली, फोटो काढले, आणि दिलेले आगाऊ पैसे परत मागायला ते दुसऱ्या दिवशी नगर रस्त्यावर गेले.