अकरा डबे, एक जुनं घंगाळ आणि भांडी बाजार

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका तांब्या-पितळेच्या दुकानाला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे कळेलच. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चूक झालीय खरी, पण म्हाताऱ्या शेठजींची त्यावरून बदनामी करावी असं मला वाटत नाही.

आधी मी तिथे का गेले ते सांगते. गेल्या दिवाळीत देण्याघेण्यावर आमचे २६,००० रुपये गेले. हा आकडा मला कळला तो पौषात, क्रेडिट कार्डाचा शेवटचा हप्ता भरताना. त्यातले ७,६५० नुसत्या सुक्यामेव्याच्या नऊ डब्यांचे. एक डबा ८५० ला. लाल मखमल, सोनेरी फीत, आत चार कप्पे आणि कप्प्यांखाली कागदाचं गवत. एक डबा घरीच राहिला होता, तो मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामा केला. काजू, बदाम, मनुका, पिस्ते सगळं मिळून २१० ग्रॅम. म्हणजे किलोला चार हजारांच्या वर! यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २२ सप्टेंबरपासून बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून मुद्दाम त्याच दुकानात डोकावले. डबा ८५० लाच. गवत मात्र हिरव्याऐवजी गुलाबी.

त्यातून यंदा लेकीचा पहिला दिवाळसण. मी एका शाळेत क्लार्क आहे, आमचे हे अंबडला कंपनीत. बोनस येतो, पण तो येण्याआधीच खर्चाला तोंड फुटलेलं असतं. यादी काढली तर बावीस नावं झाली. जावयाला अंगठी घालायची की नाही यावर घरात आठवडाभर धुसफूस. शेवटी मीच विहीणबाईंना फोन लावला आणि सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मीच तुम्हाला फोन करणार होते. आमच्याकडे अजून दोघींची लग्नं व्हायचीत, तुम्ही अंगठी घातलीत तर आम्हालाही पुढे पायंडा पाडावा लागेल." झालं. जावयाला कपडे घ्यायचे ठरले, ४,००० पर्यंत. एवढ्यासाठी मी आठवडाभर गोळ्या घेऊन झोपत होते.

यादीतली सहा नावं मी आधीच बाजूला काढली: भांडीवाल्या मावशी, वॉचमन, घंटागाडीवरचे दोघं, पेपरवाला, दूधवाला. यांची पोस्त रोखच द्यावी असं माझं ठाम मत आहे. मिठाईचा पुडा त्यांच्याकडे त्या दिवशी दहा ठिकाणांहून येतो. मावशींना महिन्याच्या पगाराएवढे १,५०० दिले, सगळ्यांचे मिळून २,६००. उरली सोळा घरं. त्यांच्यासाठी भांडी बाजार.

जायचा वार चुकला. ८ ऑक्टोबर हा बुधवार, म्हणजे गोदाकाठचा आठवडे बाजार. सिटीलिंकच्या बसने सीबीएस स्टँडला उतरले, शालिमारवरून मेन रोड आणि तिथून दहीपुलापर्यंत धक्के खात. गाडी घेऊन जायचा विचारही करू नका, लावायला जागा नाही. माझ्या पिशवीत सासूबाईंचं पितळी घंगाळ होतं, बुडाला चीर गेलेलं, बारा वर्षं माळ्यावर पडलेलं.

दुकान अरुंद आणि खोल. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर रंगाची एक रेघ आहे, २००८ च्या पुराची, आणि तिच्या खाली दुसरी, २०१६ ची. शेठजी सांगतात, पावसाळ्यात ते खालचे दोन कप्पे रिकामेच ठेवतात. मी यादी पुढे केली आणि म्हटलं, सोळा घरं आहेत, माझ्याकडे सहा हजारांच्या वर एक रुपया नाही. असं दुकानात बोलायची मला लाज वाटायची, पण यंदा बोलले.

त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली. प्रत्येक नावापुढे विचारायचे, "ह्यांच्या घरी कोण कोण? स्वयंपाक कोण करतं?" मी लेकीसाठी दोन फुटी पितळी समई बघून ठेवली होती. म्हणाले, "पोरगी पुण्यात वन बीएचकेमध्ये ना ताई? मग ती पायात येईल, आणि तीन महिन्यांनी काळी पडली की तिलाच बोलणी बसतील. मसाल्याचा डबा घ्या, रोज हातात येतो." दीड हजारांचं गिऱ्हाईक त्यांनी आपणहून खाली आणलं.

इथे सगळं वजनावर असतं. त्या दिवशी पितळ ९०० रुपये किलो होतं, तांबं १,३००. काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवलेला. मसाल्याचा डबा वाट्यांसकट १ किलो ४०० ग्रॅम भरला, १,२६० रुपये. विहीणबाईंना तांब्याचा तांब्या-भांडं, ७०० ग्रॅम, ९१०. दोन नणंदांना ताम्हण-पळी, ३५० ची एक. भावाने नवीन घर घेतलंय, त्याच्याकडे जागा आहे, म्हणून त्याला लहान समई १,१५० ची. आणि राहिलेल्या अकरा घरांना मी केलेला चिवडा भरून द्यायला स्टीलचे डबे, ११० चा एक. एकूण ५,२३०.

मग घंगाळाची मोड. किलोला ४८० लावले. तोलायच्या आधी शेठजींनी ते फिरवून काठावरचं नाव वाचलं, माझ्या आजेसासऱ्यांचं, खाली 'सप्रेम भेट' आणि लग्नाची तारीख. काही न बोलता कातरीने तेवढी पट्टी कापून माझ्या हातात दिली. मग तोललं, ४ किलो २०० ग्रॅम, २,०१६ रुपये. सासूबाईंनी ती पट्टी आता लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवलीय. हातात द्यायचे राहिले ३,२१४, पक्क्या बिलासकट.

दोन गोष्टी तिथे शिकले. तांब्याची म्हणून विकली जाणारी वस्तू लोहचुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. शेठजींचं चुंबक गल्ल्यातच असतं, कोणीही मागावं. दुसरी, खोक्यात घालून मिळणाऱ्या चकचकीत तांब्या-पितळेवर बऱ्याचदा लाखेसारखा थर असतो, तो शोभेपुरता. पितळेच्या भांड्यात आंबट करायचं तर कल्हई हवीच, नाहीतर पदार्थ कळकतो. मसाल्याच्या डब्याला तो प्रश्न नाही, कोरडाच माल.

आता कापलेला तारा.

डब्यांवर नावं घालायची होती. ज्याच्या घरी डबा जाणार त्याचं आडनाव, म्हणजे तो पुढच्या दिवाळीत दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही. हा माझा कावा. अक्षरामागे तीन रुपये. मी चिठ्ठी दिली, तिच्यावर अकरा आडनावं आणि सगळ्यात वर बिलासाठी माझं नाव. १६ तारखेला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, डबे आणायला गेले. नाव घालणाऱ्या पोराने मशीन घुर्रर्र फिरवून अकराही डब्यांवर माझंच नाव घातलं होतं. सुबक, ठसठशीत, एकही वेलांटी न चुकता.

शेठजी पोरावर एवढे चिडले की मीच मध्ये पडले. बदलून द्यायला तयार होते, पण त्या मापाचे डबे संपले होते, नवीन माल पाडव्यानंतर येणार. नाव घालायचे पैसे परत दिले. पण मग मी माझ्या नावाचे डबे लोकांना भेट म्हणून देणार कसे? पर्याय नव्हता, चिवडा भरला आणि दिले. साडेपाच किलो चिवड्याचं सामान १,४०० ला पडलं. भाच्यांची ओवाळणी १,५०० धरून सगळी दिवाळी १२,७१४ मध्ये उरकली.

घोळ झाला तो नंतर. नाव माझं म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं डबा परत करायचाय. आणि रिकामा डबा आपल्याकडे कोणी परत करत नाही. तुळशीच्या लग्नापासून रोज संध्याकाळी बेल वाजतेय. ओल्या नारळाच्या करंज्या आल्या, सिन्नरहून शेंगा आल्या, कुणी अर्धा किलो हरभऱ्याची डाळ घालून पाठवली. एका डब्यात सुक्यामेव्याची चार पाकिटं निघाली, खाली गुलाबी गवत.

आठ डबे आलेत, तीन राहिलेत. एक कोणाकडे अडकलाय ते मला पक्कं ठाऊक आहे, परवा त्यांच्या ओट्यावर साखर भरलेला बघून आले. भेट दिलेला डबा मागायचा कसा, हे काही शेठजींनी सांगितलं नाही.