नर्सिंग सीईटीचा क्लास: सोपे सर की कडक मॅडम?

नाशिकमधील एका खासगी क्लासमध्ये मी बारावीच्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीची तयारी केली. आज मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फी भरताना जे कळणे शक्यच नव्हते ते वॉर्डात उभे राहिल्यावर कळले, म्हणून हे परीक्षण इतक्या उशिरा लिहीत आहे. माझी एक गंभीर तक्रारही असल्यामुळे क्लासचे नाव देत नाही.

फी दोन हप्त्यांत 22 हजार रुपये होती. बसण्याची सोय, छापील नोट्स आणि दर रविवारची टेस्ट यांबद्दल तक्रारीला जागा नाही. बॅच तीस जणींची असेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात पन्नासच्या वर मुली होत्या. मात्र मला लिहायचे आहे ते जीवशास्त्र शिकवणाऱ्या दोन शिक्षकांविषयी. दिवाळीपर्यंत मी सरांच्या बॅचला होते आणि नंतर वेळ जुळेना म्हणून मॅडमच्या बॅचला गेले. त्यामुळे मूत्रपिंड व पचनसंस्था सरांकडे आणि हृदय, रक्ताभिसरण व श्वसन मॅडमकडे, अशी माझ्या अभ्यासक्रमाची आपोआप वाटणी झाली.

सर मनाने अतिशय चांगले. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक मुली मराठी माध्यमाच्या होत्या, आणि इंग्रजी संज्ञांची धास्ती सरांनी पहिल्या आठवड्यातच घालवली, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. ते नोट्समध्ये कोणत्या ओळी परीक्षेला येणारच ते अधोरेखित करून देत, रविवारची टेस्ट त्याच ओळींवर असे, आणि वही चार दिवस उशिरा दिली तरी चालत असे. नेफ्रॉनमध्ये, म्हणजे मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळीत, पाणी नेमके कुठे आणि का परत शोषले जाते असे एकदा मी विचारले, तेव्हा "पेपरला एवढे पुरे आहे, पुढचे कॉलेजात शिकवतील," असे त्यांनी प्रेमाने सांगितले.

पेपरपुरते त्यांचे म्हणणे खरे होते. सीईटीला 90 मिनिटांत 100 बहुपर्यायी प्रश्न असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता यांना प्रत्येकी 20 गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अशा परीक्षेत बरोबर पर्याय डोळ्यांना ओळखता आला तरी भागते. सरांच्या बॅचच्या मुलींना सीईटीत चांगले गुण मिळाले, मॅडमच्या बॅचपेक्षा काही कमी नाहीत. क्लासच्या दारावरचा निकालाचा फलक पाहून दोघांत निवड करता येणारच नाही.

मॅडम निवृत्त सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या परिचारिका. दर सोमवारी कोऱ्या कागदावर हृदयाची आकृती काढायची, पुस्तक बंद, खोडरबर नाही, आणि रक्त कोठून कोठे जाते ते बाणांनी दाखवून खाली स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहायचे. एक बाण चुकला तरी वही परत येई. माझी वही त्या आकृतीसाठी चार वेळा परत आली. परंतु प्रत्येक वेळी समासात लाल शाईने नेमके काय चुकले ते लिहिलेले असे: "फुप्फुसातून आलेले रक्त डाव्या कर्णिकेत येते, तू उजव्या कर्णिकेत नेले आहेस, आता पुढचे सगळे कसे बिघडेल ते लिही." पन्नास वह्या अशा तपासायला त्यांना किती रात्री लागत असतील, याचा विचार तेव्हा आम्ही केला नाही.

सीईटीच्या अभ्यासक्रमात नसलेल्या गोष्टीही त्या शिकवत. 500 मिलीलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे आणि संचातून एका मिलीलिटरला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब, हे गणित त्या पहिल्या दहा मिनिटांत घालत. 42 हे उत्तर आले तरी "थेंब प्रति मिनिट" लिहिले नसेल तर शून्य गुण. एके दिवशी त्यांनी टेबलावर इन्सुलिनच्या दोन सिरिंज ठेवल्या, लाल टोपणाची 40 युनिटची आणि नारिंगी टोपणाची 100 युनिटची. पहिल्या सिरिंजवरील खुणा एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असतात आणि दुसरीवरील 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी. 100 युनिटच्या कुपीतील औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरले तर रुग्णाच्या अंगात किती युनिट जातील, असे त्यांनी विचारले. खूण 20 ची, पण औषध अर्धा मिलीलिटर, म्हणजे 50 युनिट. अडीचपट इन्सुलिनने रुग्णाची साखर जीव धोक्यात येईल इतकी उतरू शकते, हे मी बारावीत असताना त्या टेबलापाशी शिकले आणि आजही सिरिंज उचलताना आधी टोपणाचा रंग पाहते.

दोघांच्या शिकवण्यातील फरक पहिल्या सत्रापासून दिसू लागला. शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या लेखी परीक्षेत बहुतेक उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी 50 टक्के गुण लागतात. हृदयाचा प्रश्न मी न अडखळता लिहिला, मूत्रपिंडाचा धडा मात्र मुळापासून पुन्हा शिकावा लागला. पुढे वॉर्डात हृदय कमकुवत झालेल्या एका आजोबांचे पाय सुजलेले पाहिले तेव्हा त्या परत आलेल्या वहीतले बाण डोळ्यांपुढे आले. उजवी बाजू रक्त पुढे ढकलू शकली नाही की ते मागे शिरांमध्ये तुंबते आणि पायांवर सूज येते, डावी बाजू थकली की ते फुप्फुसात तुंबते आणि दम लागतो. त्याच आजोबांना फ्युरोसेमाइड या लघवी वाढवून सूज उतरवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन चालू होते. ते मूत्रपिंडात नेमके कोठे काम करते असे कॉलेजच्या ट्यूटरनी विचारले आणि मी गप्प राहिले. उत्तर होते हेनलेचा लूप, नेफ्रॉनचा वळसा घेणारा भाग. हे शब्द मी सरांच्या नोट्समध्ये पिवळ्या रंगाने रंगवले होते. चार पर्याय समोर असते तर मी बरोबर खूण केली असती.

आता तक्रार. मॅडम टेस्टचे गुण वर्गात मोठ्याने वाचत आणि कमी गुण असलेल्या मुलीला उभे करत. दिंडोरी तालुक्यातून एसटीने येणाऱ्या एका मुलीला इंग्रजी संज्ञा उच्चारता आल्या नाहीत, तेव्हा "तू वॉर्डात काय दिवे लावणार?" असे त्यांनी सर्वांसमोर विचारले. ती मुलगी पुढच्या आठवड्यापासून आली नाही. तिच्या वडिलांनी फीबद्दल विचारले तर कार्यालयाने पावतीच्या मागील नियम दाखवला आणि एक रुपयाही परत केला नाही. याला मी शिस्त म्हणणार नाही. त्या मुलीची आकृती माझ्यापेक्षा चांगली होती.

अशा बोलण्याचा तोटा वॉर्डात आणखी स्पष्ट होतो. पहिल्यांदा रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोपमधून मला आवाजच ऐकू आला नाही, आणि बोलणी बसतील या भीतीने तक्त्यावर 120/80 लिहून टाकण्याचा मोह मला झाला होता. सुदैवाने शेजारच्या सिस्टरना सांगितले आणि त्यांनी पट्टा नीट बांधून, आधी मनगटाची नाडी चाचपून कसे मोजायचे ते दाखवले. तो आकडा 170/100 निघाला. अपमानाच्या भीतीत तयार झालेली मुलगी कधीतरी चूक लपवील, आणि तिची किंमत रुग्ण मोजील.

तरीही कोणती बॅच घ्यावी असे मला विचारणाऱ्या मुलींना मी मॅडमचीच बॅच सांगते. सरांनी माझी भीती घालवली, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे, पण ज्या कामासाठी मी तयारी करत होते ते काम मला मॅडमच्या लाल शाईने शिकवले. क्लास निवडताना फलकावरील गुणांऐवजी मागच्या वर्षीच्या दोन-तीन तपासलेल्या वह्या मागून पाहाव्यात. समासात चूक काय झाली ते लिहिले आहे की नुसतीच बरोबरची खूण आहे, हे पाच मिनिटांत दिसते.

या जूनमध्ये धाकट्या बहिणीचे नाव मॅडमच्या बॅचला घातले. पहिल्या दिवशी मी सोबत गेले आणि त्या दिंडोरीच्या मुलीची आठवण देऊन विनंती केली की चुका वहीत कितीही लिहा, परंतु वर्गात वाचून दाखवू नका. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्या मुलीचे नाव विचारले आणि ती सध्या काय करते, असेही विचारले. बहिणीची पहिली आकृती मागच्या सोमवारी परत आली. गुण वहीतच लिहिले होते, वर्गात वाचले नव्हते.